चौदा चिंध्या

गेल्या मे महिन्यात माझ्या अल्टोचं इंजिन खोलावं लागलं. चूक माझीच होती. कराडच्या अलीकडे हायवेवर रेडिएटरचा पाईप फुटला, तापमानाचा काटा लाल रेघेपाशी गेला आणि मी ‘पुढं हॉटेल आहे, तिथं सावलीत थांबू’ म्हणत आणखी तीन किलोमीटर गाडी रेटली. पाईप बदलला, पाणी भरलं, घरी आलो. त्यानंतर पंधरा दिवस रोज सकाळी पाणी कमी झालेलं दिसायचं आणि मी रोज बाटलीभर पाणी ओतून शाळेत जायचो. परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते. मुलांना ‘आजचा अभ्यास उद्यावर ढकलू नका’ असं सांगणारा मास्तर स्वतःची गाडी रोज उद्यावर ढकलत होता.

सुट्टी लागल्यावर गाडी घेऊन गेलो ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये. दहावीनंतर त्यानं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला, पुण्यात काही वर्षं काम केलं आणि आता गावाबाहेर रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं आहे. त्यानं डिपस्टिक काढून कपड्याला पुसली आणि मला दाखवली. ऑईल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

‘‘सर, पाणी ऑईलमध्ये चाललंय. हेड गॅस्केट गेलंय. असं किती दिवस चालवलंत?’’

मी म्हणालो, ‘‘पंधरा.’’ त्याच्या जागी मी असतो तर विद्यार्थ्याला काहीतरी बोललो असतो. तो काही बोलला नाही. ‘‘आज खोलणार नाही. गरम आहे. उद्या सकाळी या,’’ एवढंच म्हणाला.

मला वाटलं, हात भाजेल म्हणून म्हणत असेल. दुसऱ्या दिवशी त्यानं कारण सांगितलं. हेड अॅल्युमिनियमचं असतं. ते गरम असताना बोल्ट सैल केले तर एका बाजूचा ताण सुटतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो आणि हेड वाकतं. म्हणजे न बिघडलेलं हेडसुद्धा खोलणाऱ्याच्या घाईनं बिघडतं. बोल्ट सैल करतानाही त्यानं कडेपासून सुरुवात केली आणि मधे आला. प्रत्येक बोल्ट आधी थोडा, मग आणखी थोडा. बसवताना याच्या उलट करतात, मधून कडेला. तेही एका दमात आवळत नाहीत, दोन-तीन टप्प्यांत आवळतात, टॉर्क रेंच लावून. हा पाना किती जोर लागला ते दाखवतो. हाताच्या अंदाजानं आवळणारे मिस्त्री मी खूप पाहिले आहेत. तो म्हणाला, ‘‘सर, सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखा नसतो.’’

हेड काढायच्या आधी त्यानं इंजिन बाहेरून धुतलं होतं. प्लगच्या खड्ड्यांत साचलेली माती हवेनं उडवली होती. प्लग काढल्यावर ती माती सरळ सिलिंडरमध्ये पडते, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. मग हेड उचललं. खाली तीन पिस्टन दिसले, आणि त्यांच्या भोवती ब्लॉकच्या सपाट तोंडावर लहानमोठी भोकं. काही पाण्याची, काही ऑईलची, काही बोल्टची. जुन्या गॅस्केटचे काळे तुकडे जागोजागी चिकटले होते.

त्यानं खिशातून सुती कापडाच्या चिंध्या काढल्या. पाण्यात आणि ऑईलमध्ये काम करणारी पोरं वापरतात तसा कापसाचा बोळा नव्हता. बोळ्याचे धागे सुटतात. या धुतलेल्या, कडा दुमडलेल्या चिंध्या होत्या. त्या एकेक करून प्रत्येक भोकात कोंबल्या, सिलिंडरमध्ये मोठे कपडे घातले आणि मग भिंतीवर खडूनं आकडा लिहिला : १४.

‘‘हे कशाला?’’

‘‘चौदा घातल्या, चौदा निघाल्या पाहिजेत. एक आत राहिली तर इंजिन मेलं. तुम्ही हजेरी घेता ना, तसंच.’’

तो हसला. मला हसता आलं नाही. कारण भोकांत कोंबलेल्या चिंध्या मी याआधी एकदा पाहिल्या होत्या. किंबहुना त्या कोंबायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते केलं नव्हतं.

ही १९९९ सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात जात होतो. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे भाईजाननं, एक जुनी डिझेल जीप घेतली होती. निम्मे पैसे पतसंस्थेचे, निम्मे अम्मीनं साठवलेले. मिरज-पंढरपूर रस्त्यावर तो वडाप करायचा. पुढं तीन, मधे चार, मागं समोरासमोर सहा आणि टपावर गाठोडी. अब्बा नव्हते. घर त्या जीपवर चालत होतं. माझी कॉलेजची फीसुद्धा.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर जीप निळा धूर सोडायला लागली. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा झिजल्यात. मिस्त्रीचाचांनी ऐकूनच सांगितलं, ‘‘हाफ इंजिन करावं लागेल. आठ दिवस.’’ भाईजान म्हणाला, ‘‘चार.’’ आषाढी एकादशी पाच दिवसांवर होती. वर्षातले सगळ्यात जास्त पैसे त्या आठवड्यात मिळायचे. आमच्या गावच्या स्टँडवरचे निम्मे वडापवाले मुसलमान होते आणि विठोबाच्या वारीवर सगळ्यांचा वर्षाचा हप्ता निघायचा. मिस्त्रीचाचांनी मान डोलावली. त्यांना आणखी दोन गाड्या होत्या, हाताखाली पोरगा एकच होता आणि तो आजारी होता. भाईजाननं मला म्हटलं, ‘‘तू जा मदतीला.’’

इंजिन गाडीवरून न उतरवता, क्रँक जागेवर ठेवूनच काम चाललं होतं. चेंबर खालून काढलं, पिस्टन वर काढले. ब्लॉकचं तोंड आणि सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरनं घासायचं काम मला दिलं. मिस्त्रीचाचा दुसऱ्या गाडीखाली झोपलेले होते. तिथूनच ओरडले, ‘‘छेदां में पहले कपडा भर, फिर पेपर मार.’’

मी दोन भोकांत कपडा भरला. कपडा मधेमधे यायचा, पेपर अडकायचा. संध्याकाळी मित्रांबरोबर जायचं होतं. तिसऱ्या भोकापासून मी भरला नाही. भरलेले दोन कपडेही काढून टाकले. पेपर मारला, चकचकीत केलं.

‘‘भर्‍या क्या रे?’’

‘‘हौ चाचा, भर्‍या.’’

मग डिझेलमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं सगळं पुसलं आणि हात धुऊन घरी गेलो. रात्री उशिरा चाचांनी एकट्यानं इंजिन बांधलं.

चौथ्या दिवशी जीप स्टँडवर लागली. धूर बंद झाला होता. भाईजान खूश होता. दोन फेऱ्या नीट झाल्या. एकादशीच्या आदल्या दिवशी सांगोल्याच्या अलीकडे इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. ऑईल प्रेशरचा काटा खाली गेला होता. पण गाडीत तेरा वारकरी होते, पाऊस होता, आणि गाव आठ-दहा किलोमीटरवर होतं. भाईजाननं गाडी थांबवली नाही. सहा किलोमीटरवर मोठा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. त्यानं सगळ्यांचे पैसे परत दिले, दुसरी जीप थांबवून त्यांना बसवून दिलं आणि रात्रभर पावसात गाडीजवळ बसून राहिला.

इंजिन खोललं तेव्हा क्रँक चराचरा ओरखडलेला होता. एक कनेक्टिंग रॉड वाकला होता. मिस्त्रीचाचा बराच वेळ बेअरिंगची अर्धगोल पट्टी हातात धरून बसले. मग म्हणाले, ‘‘पार्ट डुप्लिकेट आले असतील.’’ भाईजान म्हणाला, तुम्हीच डुप्लिकेट टाकले आणि पैसे असलीचे घेतले. स्टँडवर सगळ्यांसमोर भांडण झालं. त्यानंतर त्या दोघांत बोलणं राहिलं नाही. दोघांनी एका ताटात जेवलेलं मी पाहिलं होतं. भाईजाननं स्टँडवर सांगत सुटला, त्याच्याकडे इंजिन देऊ नका. लोकांनी देणं कमी केलं.

जीप भंगाराच्या भावात गेली. पतसंस्थेचे उरलेले हप्ते अम्मीच्या पाटल्या मोडून भरले. भाईजान दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर झाला आणि आजतागायत ड्रायव्हरच आहे. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, शिक्षक झालो. आपल्या हातून काय झालं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो. चिंध्यांचा तो आकडा भिंतीवर पाहिला तेव्हा मात्र आठवलं, की मला कळत नव्हतं हे खरं असलं, तरी मी खोटं बोललो होतो हेही खरं आहे. ‘भर्‍या’ म्हणालो होतो.

त्या मुलाला मी विचारलं, ‘‘समजा कपडा न लावता पॉलिश पेपर मारला तर काय होईल?’’

‘‘सर, मी पॉलिश पेपर मारतच नाही. प्लास्टिकची पट्टी आणि द्रव. वेळ लागतो, लागू दे.’’

मग त्यानं जुनी एक बेअरिंग पट्टी आणून उन्हात धरली आणि मला समजावलं. मी ते इथं सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या घराघरात कुणीतरी ड्रायव्हर आहे, कुणीतरी मिस्त्री आहे, आणि इंजिन नव्यानं बांधल्यावर महिन्यात बसलं की आपण पार्टला, नशिबाला किंवा एकमेकांना दोष देऊन मोकळे होतो.

क्रँक बेअरिंगला टेकून फिरत नाही. दोघांच्या मधे ऑईलचा पातळ थर असतो, आणि क्रँक त्या थरावर तरंगतो. लहान गाडीत ही जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले दोन ते पाच भाग एवढीच असते. म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. पॉलिश पेपरची धूळ म्हणजे धातू कापायसाठीच बनवलेले कण. बेअरिंगच्या पट्टीवर मुद्दाम मऊ धातूचा थर दिलेला असतो, की एखादा बारीक कण आलाच तर त्यात रुतून बसावा. पण कण मोठा असला तर तो निम्मा रुततो आणि निम्मा वर राहतो. मग ते बेअरिंग राहत नाही, कानस होते. क्रँक तिच्यावर मिनिटाला हजारो वेळा फिरतो.

मी म्हणालो, ‘‘पण ऑईल फिल्टर असतो ना?’’

‘‘तेच तर. फिल्टर पंपाच्या पुढं आणि बेअरिंगच्या आधी असतो. खालून येणारी घाण तो अडवतो. ब्लॉकच्या तोंडावरचं हे भोक हेडला ऑईल पोचवतं, ते फिल्टरच्या पुढच्या नळीतून येतं. यात वरून कण पडला तर त्याच्या आणि बेअरिंगच्या मधे फिल्टर नाही. बांधताना पडलेली घाण फिल्टरला दिसतच नाही.’’

डिझेलच्या बोळ्यानं पुसणं म्हणजे काय, तेही त्या आठवड्यात कळलं. ऑईल काढून चेंबर उतरवल्यावर माझ्या पाणी ओतण्याचे परिणाम दिसले. पाण्यानं ऑईलचा थर तुटला होता आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा मऊ थर जाऊन खालचा तांबूस रंग वर आला होता. मग पूर्ण इंजिन खोलायचं ठरलं. हेड स्टीलच्या सरळ पट्टीखाली वाकलेलं निघालं. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर पाच भागांपर्यंत चालतं, माझं बारा भाग वाकलं होतं. ते फेसिंगला, क्रँक ग्राइंडिंगला आणि ब्लॉक होनिंगला मिरजेला गेला. परत आल्यावर त्यानं ब्लॉक आधी गरम पाणी, कपड्याची पावडर आणि लांब ब्रश घेऊन धुतला. भांडी घासावीत तसा. रॉकेल किंवा डिझेलनं चिकटपणा जातो, पण होनिंगच्या ओरखड्यांत अडकलेली धार तशीच राहते. ती साबणाच्या पाण्यानंच उचलली जाते. धुतल्यावर लगेच वाळवला, कारण धुतलेलं लोखंड बघता बघता गंजतं. मग पांढऱ्या कपड्याला ऑईल लावून सिलिंडर पुसला. कपडा राखाडी आला. परत धुतला. तिसऱ्या वेळी कपडा पांढरा आला तेव्हा थांबला.

त्या दिवसांत मी रोज दोन-तीन तास तिथं स्टुलावर बसायचो. सुट्टीच होती. त्याच्या हाताखालच्या पोरानं अंड्याच्या ट्रेमध्ये व्हॉल्व्ह ओळीनं मांडून ठेवले होते, ट्रेवर खडूनं नंबर टाकले होते. जो व्हॉल्व्ह ज्या जागेवर झिजला तो त्याच जागेवर गेला पाहिजे. क्रँकच्या मेन बेअरिंगच्या टोप्या तर ब्लॉकबरोबर एकत्रच कापलेल्या असतात. त्यांच्यावर बाण आणि आकडा असतो, अदलाबदल झाली की क्रँक आवळला जातो. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी त्यानं ती नुसती सिलिंडरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजनं मोजली. गरम झाल्यावर रिंग पसरते. फट कमी असेल तर टोकाला टोक भिडतं, रिंग मोडते आणि सिलिंडर चिरतं. पिस्टन आत सोडताना त्यानं रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवले. बोल्टचं टोक क्रँकला नुसतं घासलं तरी ताज्या पॉलिशवर व्रण पडतो.

हेडच्या बोल्टची भोकं त्यानं हवेनं कोरडी केली. एका भोकात चमचाभर ऑईल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर ते द्रव कुठं जाणार? दाबलं जात नाही. एक तर पाना खोटा जोर दाखवतो आणि बोल्ट सैल राहतो, नाहीतर ब्लॉकलाच तडा जातो. चेंबर बसवताना सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. मी म्हणालो, आणखी लाव, गळायला नको. तो म्हणाला, ‘‘बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत दाबलं जातं, सर. आतलं तुटून पंपाच्या जाळीवर बसतं. मग पंपाला ऑईल मिळत नाही.’’ मी गप्प बसलो. गळती बंद करायच्या नादात इंजिन उपाशी मारलेले लोक त्यानं पाहिले होते.

चिंध्या त्यानं एकेक मोजून काढल्या. चौदा. मग भिंतीवरचा आकडा पुसला.

त्याच संध्याकाळी मी मिस्त्रीचाचांच्या घरी गेलो. गॅरेज कधीच बंद झालं आहे. चाचा ओट्यावर खाटेवर बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी मला आवाजावरून ओळखलं. चहा आला. मी इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं. छेदां में कपडा भर म्हणालेलात, मी भरला नव्हता, भरला म्हणून सांगितलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही. परत सांगायला लागलो तर हात वर केला.

‘‘मालूम था,’’ ते म्हणाले. ‘‘पट्टी हातात घेतली तेव्हाच कळलं. बोटाला कण लागत होते.’’

‘‘मग पार्ट डुप्लिकेट का म्हणालात?’’

‘‘काय म्हणायला पाहिजे होतं? तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं? तू कॉलेजात जाणारा पोरगा. तुझ्या भावानं तुला मारला असता आणि कॉलेज बंद केलं असतं.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘आणि गाडी तुझ्या अमानतीत नव्हती, माझ्या होती. तू भर्‍या म्हणालास. मी उठून बघायला पाहिजे होतं. बघायला एक मिनिट लागलं असतं. दुसऱ्या गाडीखालून उठलो नाही.’’

मी म्हणालो, तुमचं काम गेलं. ते म्हणाले, गेलं. एवढंच म्हणाले. ‘काही हरकत नाही’ असं म्हणाले नाहीत आणि मला ते बरं वाटलं. हरकत होती.

निघताना त्यांनी विचारलं, ‘‘आता कोण बांधतंय तुझं इंजिन?’’ मी सांगितलं. ‘‘सुरू करायच्या आधी हातानं दोन वेढे फिरवायला सांग. आणि कोरडं सुरू करू नकोस.’’

भाईजानला सांगायला मला आणखी चार दिवस लागले. तो सांगलीच्या एका ट्रान्सपोर्टचा टेम्पो चालवतो. रविवारी घरी होता. मी सांगत होतो तेव्हा तो ताटातली भाकरी मोडत होता, ती मोडायची थांबली. वहिनी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यानं मला शिवी दिली नाही, अम्मीच्या पाटल्यांचं नाव काढलं नाही. म्हणाला, ‘‘चार दिवसांत दे म्हणणारा मी होतो.’’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘काटा खाली गेलेला मी बघितला होता. तेव्हाच थांबलो असतो तर नुसत्या पट्ट्या बदलून भागलं असतं.’’ मग ताट सरकवून उठला आणि हात धुऊन बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

इंजिन सुरू करायच्या दिवशी मात्र तो गॅरेजवर आला. न बोलावता. त्या मुलानं टायमिंग बेल्ट बसवून पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन हातानं फिरवलं. पूर्ण दोन वेढे. कुठं अडलं नाही. स्टार्टरनं फिरवलं असतं आणि टायमिंग एक दात चुकलं असतं, तर ताकद स्टार्टरची असते, त्याला थांबायचं कळत नाही. हाताला कळतं. मग प्लग काढून, इग्निशनची जोडणी सोडवून त्यानं नुसता स्टार्टर मारला, थोडं थांबून परत मारला. इंजिन पेटलं नाही, पण पंप फिरला, ऑईल वर चढलं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. नवं इंजिन सगळ्यात जास्त मरतं ते पहिल्या काही सेकंदांत, कोरड्या बेअरिंगवर. दिवा विझल्यावर प्लग लावले आणि चावी फिरवली.

इंजिन लागलं. भाईजान बॉनेटपाशी वाकून ऐकत होता. डोळे मिटून. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची इंजिनं ऐकलेला माणूस. कूलंटमधली हवा निघेपर्यंत, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. गॅरेजचा पोरगा सायलेन्सरमागं उभा राहून धुराचा रंग बघत होता. सुरुवातीला थोडी वाफ आली, मग काहीच दिसलं नाही.

पाचशे किलोमीटरला ऑईल बदलायचं होतं. लोक म्हणतात, नवं ऑईल पाचशे किलोमीटरला टाकून देणं म्हणजे पैशाचा नाश. पण नव्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांवर बसताना जे झिजतं ते सगळं त्या पहिल्या ऑईलमध्ये असतं, आणि बांधताना काही चुकलं असेल तर तेही तिथंच दिसतं. भाईजान त्या दिवशी परत आला होता. घरून स्टीलचं जुनं ताट घेऊन आला होता. ऑईल ताटात थोडं घेतलं, उन्हात धरलं, ताट तिरकं करून हळूहळू फिरवलं. बारीक राखाडी झाक होती, ती येतेच. चमकणारे कण नव्हते. त्यानं बोट बुडवून अंगठ्यावर घासून बघितलं. काही लागलं नाही.

ताट पुसता पुसता त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘चाचा अजून त्याच घरात राहतात?’’

मी म्हणालो, हो, मशिदीमागच्या बोळात, ओट्यावर खाट असते.

‘‘संध्याकाळी घरी असतात का?’’

‘‘असतात.’’

‘‘मग गाडी काढ,’’ तो म्हणाला. ‘‘मी चालवतो.’’